सरड्याची धाव काचेपर्यंत

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण नेहमी माणसांसाठी वापरतो. कुणाची कुवत बेताची आहे असे सुचवायचे झाले की सरड्याला मध्ये ओढायचे, ही आपली जुनी खोड. पण कुंपणाशी जाऊन सरडा का थांबतो, याचा विचार म्हण रचणाऱ्याने केलेला दिसत नाही. कुंपणात त्याचे सगळे काही असते. बसायला काटकी, अंग शेकायला ऊन, दडायला पाने, खायला किडे. आणि माणसाची चाहूल लागली तर फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकून गुप्त होण्याची सोय. एवढे मिळाल्यावर पुढे धावायचे कशाला?

आता ही धाव काचेपर्यंत येऊन ठेपली आहे. आपल्या मोठ्या शहरांतून परदेशी सरडे विकत मिळू लागले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांत मुलांचा सर्वांत लाडका म्हणजे शॅमेलिऑन. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, शेपटीची जिलबी करून बसणारा, अंगापेक्षा लांब जीभ फेकून किडा टिपणारा हा प्राणी मुलांनी पडद्यावर पाहिलेला असतो, आणि वाढदिवस जवळ आला की घरात मागणी सुरू होते. "बाबा, कुत्र्यासारखा त्रास नाही. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही." वडिलांना हे पटते. आईला पालीची किळस असली तरी 'पेटीतून बाहेर काढायचा नाही' या बोलीवर तीही होकार देते. मग एके दिवशी पाहुणा घरी येतो आणि सोबत येते दुकानदाराने 'सगळं यात आलं' म्हणून गळ्यात मारलेली काचेची पेटी.

अशा पाच-सहा घरांतल्या पेट्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक घरात मला एकच प्रश्न विचारला गेला : 'तो निसटणार तर नाही ना?' सुरक्षित पिंजरा म्हणजे निसटू न देणारा पिंजरा, असे आपण धरून चालतो. शॅमेलिऑनचा हिशेब निराळा आहे. आपल्यापासून ज्यात त्याला लपता येईल तोच पिंजरा त्याच्या लेखी सुरक्षित. ही गोष्ट ज्यांना मानवणार नाही त्यांनी खुशाल मासे पाळावेत. मासे दिसतातही छान.

पण पिंजऱ्याकडे वळण्याआधी कायद्याचे बोलून घेऊ. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे. ती श्रीलंकेतही आढळते आणि तिच्या शास्त्रीय नावात सिलोनचाच उल्लेख आहे. मराठीत तिला सरडगुहिरा म्हणतात, काही भागांत घोयरा. हा आपला प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. गावाकडून येताना कुणी बाटलीत घालून आणला आणि 'आम्ही त्याला उत्तम ठेवू' असे म्हटले, तरी तो गुन्हाच. त्याच्यासाठी पिंजऱ्याचा आराखडाच नाही. त्याचे घर बाभळीवर, बोरीवर आणि मघाच्या त्या कुंपणात.

दुकानात मिळतो तो बहुधा येमेनी शॅमेलिऑन. नैर्ऋत्य येमेन आणि त्याला लागून असलेल्या सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला. डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड-दोन फुटांचा होतो. दुसरा, अधिक रंगीत आणि अधिक महाग, मादागास्करचा 'पँथर'. दोन्ही जाती वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि २०२४ साली आलेल्या नियमांप्रमाणे या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद सरकारकडे करायची आहे. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली, तो मेला, तरी कळवायचे आहे. दुकानदार 'त्याची काही गरज नसते' म्हणाला, तर त्या दुकानाची पायरी उतरावी. ज्याला कागद नको असतात त्याला बहुधा प्राणी कुठून आला हेही सांगायचे नसते.

आता ती काचेची पेटी. माशांची टाकीच ती. पाणी काढून टाकले, तळाला रंगीत खडे पसरले, एक प्लॅस्टिकचे झाड आणि वर एक दिवा बसवला की झाले 'सरड्याचे घर'. या रचनेतली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्या प्राण्याच्या जिवावर उठणारी आहे. शॅमेलिऑन हा वाऱ्यावर हलणाऱ्या फांदीवरचा जीव. चारही बाजूंनी बंद टाकीत हवा कोंडते, ओल साचते आणि त्याला श्वसनाचे आजार जडतात. खडे किड्याबरोबर जिभेला चिकटून पोटात जातात आणि आतडे तुंबते. आणि काचेत दिसते त्याचे स्वतःचेच प्रतिबिंब. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. दुसरा शॅमेलिऑन नुसता नजरेला पडला तरी तो फुगतो, रंग गडद करतो, लढायला किंवा पळायला सज्ज होतो. काचेतला तो दुसरा तर कधीच हटत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर शत्रू उभा असलेल्या माणसाची जी गत होईल, तीच याची होते. 'जोडी घेतली तर करमेल त्याला,' असे म्हणणारी प्रेमळ माणसेही मला भेटली आहेत. हे प्रेम आपल्या घरच्या माणसांसाठी राखून ठेवावे.

रंगाबद्दल इथे थोडे सांगायला हवे, कारण रंग वाचता आला तर निम्मा पिंजरा बांधल्यासारखा आहे. पाठीमागे जे असेल त्यासारखा रंग हा धारण करतो, ही समजूत पक्की रुजलेली. मुले त्याला लाल रुमालावर ठेवून बघतात आणि तो लाल होत नाही म्हणून हिरमुसतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनवरचे काम प्रसिद्ध केले. त्याच्या त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक रचून ठेवलेले असतात. प्राणी शांत असतो तेव्हा ते दाटीने असतात. तो उत्तेजित झाला की त्यांच्यातले अंतर वाढते आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. म्हणजे हा रंग मनाचा आहे. शिवाय शरीराच्या तापमानाचाही आहे, कारण गडद अंग ऊन अधिक शोषते. सकाळी उन्हात बसलेला शॅमेलिऑन काळपट दिसला तर तो अंग तापवतो आहे. पण भर दुपारी, अंग तापलेले असताना, कुणी जवळ आले की काळवंडत असेल, तर तो घाबरलेला आहे. 'आमच्याकडे बघून रंग बदलून दाखवतो' असे कौतुकाने सांगणारे यजमान पाहिले की मला बोलवत नाही. तो दाखवत काही नसतो, तो किंचाळत असतो. त्याच्याकडे आवाज नाही एवढेच.

पिंजरा जाळीचा हवा आणि उंच हवा. पूर्ण वाढलेल्या येमेनी नरासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच हे माप किमान समजावे. आपल्याकडे खिडक्या बसवणारे कारागीर अ‍ॅल्युमिनियमची चौकट सहज करून देतात, परदेशी तयार पिंजऱ्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. जाळी मात्र विचारून घ्यावी. उघड्या तारेच्या जाळीत त्याची नखे अडकून तुटतात. पायांची बोटे दोन आणि तीन अशी चिमट्यासारखी जुळलेली असल्याने अडकलेला पाय त्याला सोडवता येत नाही. डासांची नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. प्लॅस्टिकचा लेप दिलेली, गुळगुळीत, बारीक भोकांची जाळी उत्तम. तळाला काहीही पसरू नये; साधा कागद किंवा उघडा ट्रे पुरे. दाराला चांगली कडी हवी, कारण मांजर, उंदीर आणि शेजारचे चार वर्षांचे चिरंजीव या तिघांनाही कडीनेच थोपवता येते.

इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळ्यात घर तापवतात, हवा खडखडीत कोरडी होते. तिथले लोक जाळीच्या दोन-तीन बाजू झाकून टाकतात, कुणी मोठ्या काचेच्या पेटीला वर-खाली हवेच्या फटी ठेवतात. ते त्यांच्या हवामानाला धरून आहे. दुकानात दिसणारी काचेची पेटी याच रिवाजाची अर्धवट नक्कल असावी. आपल्या जुलै महिन्यात, भिंतींना बुरशी येत असताना, काचेची काय गरज?

पिंजरा ठेवायचा कुठे? जमिनीवर मुळीच नको. झाडावर राहणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने वर म्हणजे अभय आणि खाली म्हणजे भय. माणूस वाकून त्याच्याकडे बघतो तेव्हा त्याला वरून झेपावणारी घार दिसत असावी. म्हणून पिंजरा एखाद्या भक्कम टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर असा ठेवावा की त्याची वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल. दूरदर्शन संचाशेजारी, येण्याजाण्याच्या वाटेवर, पंख्याच्या झोतात ठेवू नये. स्वयंपाकघराच्या दारातही नको. फोडणीचा धूर, उदबत्ती, डासांची अगरबत्ती आणि झुरळांसाठी मारलेला फवारा यांतले काहीच त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. एक बाजू भिंतीला लागून असावी. पाठ झाकलेली असली की माणूसही निवांत बसतो.

आत फांद्या. पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढ्या अशा निरनिराळ्या जाडीच्या. काही आडव्या, काही तिरप्या, आणि सगळ्या घट्ट बांधलेल्या. आणि झाडे, खरी जिवंत. यात आपली घरे श्रीमंत आहेत. ज्या मनीप्लांटने प्रत्येक मराठी घरातली एक तरी बाटली अडवून ठेवली आहे, तो इथे कामाला येतो. जास्वंद तर फारच चांगली. येमेनी शॅमेलिऑन किड्यांबरोबर थोडा पालाही खातो आणि जास्वंदीची पाने-फुले त्याला चालतात. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेले असते, म्हणून पाने पुनःपुन्हा धुऊन काही आठवडे झाड बाहेर ठेवावे आणि मगच आत घ्यावे. पाला एवढा दाट हवा की त्याने ठरवले तर तो तुम्हाला दिवसभर दिसणार नाही. एका घरातला आठवीतला मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता, "काका, नवीन पिंजरा केल्यापासून तो सापडतच नाही." त्याला म्हटले, अभिनंदन! चार दिवसांनी त्याचाच फोन : आता तो समोरच्या फांदीवर येऊन बसतो आणि मला बघूनही काळा पडत नाही. लपायची जागा हाताशी आहे हे कळले की उघड्यावर यायचे धाडस होते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत फसवा. वाटीत पाणी भरून ठेवले म्हणजे काम झाले असे वाटते. वाटी भरलेली राहते आणि प्राणी तहानेने मरतो. साठलेले पाणी हे पाणी आहे, हे बहुतेक शॅमेलिऑनच्या ध्यानातच येत नाही. पानावरचा थेंब हलला, चमकला, की तो चाटायचा, एवढेच त्याला ठाऊक. पहाटेचे दव आणि पाऊस यांवर जगलेल्या वंशाची ही सवय. तेव्हा सकाळी दिवा लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी पानांवर बारीक फवारा मारावा, आणि दिवसा थेंब-थेंब पाणी पडत राहील अशी सोय करावी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा कोरा संच आणि पिंजऱ्यावर ठेवलेली पाण्याची बाटली. नळीवरचे चाक फिरवून दोन-तीन सेकंदांना एक थेंब पानावर पडेल असे करायचे. खाली ट्रे ठेवायचा आणि रोज रिकामा करायचा. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने कोरडी झाली पाहिजेत. सततची ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. मुंबईच्या पावसाळ्यात फवारा कमी, नागपूरच्या मे महिन्यात जास्त, हे तारतम्य ज्याचे त्याने ठेवायचे. पाणी पुरते आहे का ते त्याची विष्ठा सांगते. तिच्यासोबत येणारा घट्ट पांढरा भाग पांढराच असेल तर ठीक. तो गडद केशरी झाला, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडते आहे.

उजेडाची गंमत अशी की बहुतेक घरांत पिंजरा खिडकीशी ठेवलेला असतो आणि यजमान अभिमानाने म्हणतात, 'भरपूर ऊन मिळतं.' ऊन मिळते, पण काचेतून. हाडांसाठी लागणारे ड-३ जीवनसत्त्व शरीरात तयार होण्यासाठी उन्हातले 'यूव्हीबी' हे अतिनील किरण त्वचेवर पडावे लागतात आणि साधी खिडकीची काच नेमके तेच अडवते. ते न मिळाल्यास खाल्लेला चुनखडीचा अंश हाडांत जात नाही. पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो, जीभ नीट फेकता येत नाही, आणि जीभ फेकता आली नाही की उपासमार. यावर उपाय दोन. जाळीच्या पिंजऱ्यात, बाल्कनीत, सकाळचे कोवळे ऊन. पण निम्मा पिंजरा सावलीत हवा आणि कुणीतरी तिथे बसून राहायला हवे, कारण कावळे बसलेलेच असतात. दुसरा उपाय यूव्हीबी देणारी नळी. ती पिंजऱ्याच्या वर, जाळीबाहेर, लांबीभर लावायची आणि बारा तास चालू ठेवायची. ही नळी डोळ्यांना दिसणारा उजेड वर्षानुवर्षे देत राहते, अतिनील किरण मात्र सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. म्हणून लागली आहे तोवर चालू द्या, हा आपला काटकसरी बाणा इथे उपयोगी नाही. बसवलेल्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.

उष्णतेच्या बाबतीत परदेशी पुस्तके जशीच्या तशी वाचू नयेत. ती लिहिली आहेत बर्फ पडणाऱ्या गावांसाठी. त्यांची सारी चिंता ऊब कशी द्यावी ही. शेकण्याच्या फांदीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस, इतरत्र २२ ते २७, आणि रात्री २० किंवा त्याहूनही खाली, असे साधारण गणित आहे. येमेनच्या डोंगरात रात्री गारवा असतो आणि त्या गारव्यात याला खरी विश्रांती मिळते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, मुंबईत रात्रीही तो पंचविशीच्या खाली यायला तयार नसतो. इथे दिव्याची ऊब अनेक महिने द्यायचीच नसते. प्रश्न गारव्याचा असतो. खोली थंड ठेवण्याची सोय ज्या घरात नाही, किंवा जिथे उन्हाळ्यात तास न् तास वीज जाते, तिथे हा प्राणी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोंड उघडे टाकून धापा टाकणारा शॅमेलिऑन 'हसतो आहे' असे मला एकाने दाखवले होते. दिवा लावायचा तेव्हा तो जाळीच्या बाहेर, वितभर अंतरावर असावा. याला तापलेली वस्तू झटकन जाणवत नाही. डोक्यावरचा तुरा दिव्याला टेकून भाजलेला मी पाहिला आहे. आणि रात्री पूर्ण अंधार. लाल, निळा, कुठलाच दिवा नको.

खाण्याचे थोडक्यात. रातकिडे, पाळलेली झुरळे, रेशमाचे किडे हे याचे अन्न. आणि ते किडे आधी चांगले पोसलेले असावे लागतात, म्हणजे घरात दोन संसार चालवायचे. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून द्यावी लागते. बागेतले, शेतातले किडे आणू नयेत, त्यांच्या पोटात फवाऱ्याचे विष असू शकते; काजवे तर जातीनेच विषारी. न खाल्लेले रातकिडे रात्री काढून घ्यावेत, नाहीतर तेच झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात. आणि मुंग्या! परदेशी पुस्तकांत हा अध्याय नसतो. आपल्या आज्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, तीच युक्ती पिंजऱ्याच्या टेबलाला करावी.

एका गोष्टीबद्दल मात्र मला थोडक्यात बोलता येणार नाही. पुण्यातल्या एका परिचित कुटुंबाने पिल्लू म्हणून जो शॅमेलिऑन घेतला, ती मादी होती. येमेनी जातीत हे पिल्लू असतानाच कळते. नराच्या मागच्या पायांच्या टाचेला एक बारीक उंचवटा असतो, मादीला नसतो. दुकानात ते कुणी सांगितले नाही. मादी वर्षाच्या आतच वयात येते आणि नर जन्मात पाहिला नसला तरी अंडी धरते, जशी कोंबडी धरते. एका वेळी २० ते ७० सुद्धा. ही अंडी तिला ओलसर मातीत बोगदा खणूनच घालायची असतात. खणायला जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते. त्या घरातली मादी दोन दिवस काचेच्या तळाशी कोपरे खरवडत होती. घरच्यांना वाटले, बाहेर यायचे आहे; मुलीने तिला तासभर हातावर फिरवून आणले. तिसऱ्या दिवशी ती डोळे मिटून तळाशी बसली आणि चौथ्या दिवशी गेली. मुलगी त्यानंतर कित्येक दिवस त्या खोलीत झोपायला तयार नव्हती. माणसे निष्काळजी नव्हती हो. दिवसातून चारदा तिच्याकडे बघत होती. एक बादली वाळू लागली असती. फूटभर खोल टोपली किंवा बादली, तीत धुतलेली बारीक वाळू आणि माती, मुठीत दाबली तर गोळा राहील इतकी ओल, आणि ती खणत असताना समोर कुणी उभे राहायचे नाही, पिंजऱ्याला चादर लावायची. बघणारे डोळे दिसले तर ती बोगदा अर्धवट सोडते. मादी घरात असेल तर ही बादली कायमची आत असावी. खाणे आणि ऊब बेताची ठेवली तर अंड्यांची संख्याही कमी राहते. आणि तळाशी निपचित बसलेली दिसली तर वाट बघू नये, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. असा पशुवैद्य आपल्या गावात आहे की नाही, हे प्राणी आणण्यापूर्वी शोधायचे असते.

शॅमेलिऑन आजार लपवतो. रानात दुबळा दिसला तो संपला, म्हणून शेवटपर्यंत फांदी धरून बसतो. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे की हा प्राणी खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर जगतो. दोन हजार वर्षे होत आली, पण काही घरांतली त्याची व्यवस्था पाहता ती समजूत अजून गेलेली नसावी. दिवसा डोळे मिटलेले असणे ही धोक्याची सर्वांत ठळक खूण. निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही.

सुरक्षितता घरच्यांचीही बघायची आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हे जंतू असू शकतात, प्राणी धडधाकट असला तरी. पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत घासायची नाहीत, आणि पाच वर्षांखालचे मूल घरात असेल तर हा विचारच पुढे ढकलायचा. हातावर घेऊन मिरवण्याचा हा प्राणी नव्हेच.

आणि बाहेरच्यांची. हवाई बेटांतल्या ओआहूवर १९७२ साली एका दुकानदाराने केनियाहून तीन शिंगांचे काही डझन शॅमेलिऑन मागवले. प्रवासाने ते सुकून गेले होते, म्हणून त्याने ते आपल्या बागेत मोकळे सोडले. जरा तरतरीत होतील, मग विकू. ते तरतरीत झाले आणि गेले. आज त्यांचा वंश अनेक बेटांवर पसरला आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या तिथल्या गोगलगायी त्यांच्या पोटात सापडल्या आहेत. फ्लॉरिडात येमेनी शॅमेलिऑन असेच पाळीवातून रानात गेले. आपल्याकडे तर सह्याद्री दाराशी आहे, आणि हौस फिटली की 'सोडून देऊ डोंगरात, सुखी राहील' हे वाक्य आपल्या तोंडी फार सहज येते. पाळलेला शॅमेलिऑन डोंगरात सोडणे म्हणजे एक तर त्याला मारणे किंवा डोंगरातल्या दुसऱ्या कुणाला.

हे सगळे वाचून कुणी विचारील, मग आणावा की नाही? माझ्या मते मुलाच्या वाढदिवसासाठी आणू नये. मूल दहावीला जाते, क्लास सुरू होतात, दिवाळीच्या सुट्टीत गावाला जायचे असते, आणि चांगला सांभाळलेला नर सहा-आठ वर्षे जगतो. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला स्वतःला हा छंद असेल, रोज सकाळी अर्धा तास फवारा मारायची आणि रातकिडे पोसायची ज्याची तयारी असेल, आणि प्राणी दिसला नाही तरी ज्याला करमते, त्याने आधी पिंजरा बांधावा. महिनाभर तो रिकामाच चालवावा; झाडे जगतात का, तापमान टिकते का, भर उन्हाळ्यात काय होते, हे वहीत लिहावे. मग पावतीसकट, नोंदणीसकट, पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी आणावा. आणि ज्यांच्या घरी तो काचेच्या पेटीत आधीच येऊन बसला आहे, त्यांनी सुतार किंवा खिडकीवाला गाठायला पुढच्या रविवारची वाट बघू नये.

मुलांना शॅमेलिऑन बघायचाच असेल तर आपला घोयरा आहे. गावाकडे, माळरानालगतच्या झुडपांत, सकाळच्या उन्हात शोधावा लागतो. हिरव्या पानांत हिरवा, डुलत-डुलत पाऊल टाकणारा. सापडायला दोन-तीन दिवस लागतील. अंडी घालायला मादी जमिनीवर उतरते, तेव्हा तो कधी रस्ता ओलांडतानाही दिसतो आणि बहुतेक वेळा चाकाखाली जातो, नाहीतर विषारी म्हणून दगडांनी ठेचला जातो. तो विषारी मुळीच नाही. असा दिसला तर गाडी बाजूला घ्यावी, मागून येणाऱ्यांना थांबवावे, आणि एक लांब काटकी त्याच्या पुढ्यात आडवी धरावी. तो आपल्या पायांनी तिच्यावर चढतो. मग ज्या दिशेला तो निघाला होता त्याच बाजूच्या झुडपात काटकी टेकवायची आणि मागे सरायचे. तो फुगेल, काळा पडेल, तोंड वासून फुत्कारेल. पाच मिनिटांनी बघाल तर काटकी रिकामी असेल.